डाव्या हाताची करंगळी

ताम्हनातलं पाणी गुलाबी झालं तेव्हा मला आधी वाटलं कुंकू सुटलं. कोयरी आत्ताच हाताळली होती, बोटाला लागलं असेल. म्हणून ते पाणी ओतलं, परत कोमट पाणी घातलं आणि परत अंगठा फिरवला. अंगठा उचलला तर अंगठ्यावर काळा ठिपका. आणि बाळाच्या तोंडावर एकच डोळा.

तिथंच थांबायला पाहिजे होतं मी. पण हात घाबरला की थांबत नाही, अजून पुसत बसतो. पंच्यानं हळूच टिपलं तर पंच्याला दुसरा डोळा आला. ओठांचा लाल आला, गालांचा गुलाबी आला, केसांचा सोनेरी तर आधीच पाण्यात गेला होता. हातात काय राहिलं, तर पांढरं, खडूसारखं, ओलं. नाक होतं. बाकी काही नव्हतं.

पोरगी माझ्या शेजारी पाटावर बसून बघत होती. तिला तिसरं चालू आहे, सगळं बघते, सगळं विचारते.

"आई, पापूचे डोळे कुठं गेले?"

पापू म्हणजे तान्हं बाळ. कन्नडातला शब्द, पण आमच्या घरात कधीपासून आमचाच झालाय.

"झोपलाय तो," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात पुढच्या घरातून आंटीची हाक आली, की मगळे, संध्याकाळी पुट्टीला तयार ठेव, मी चर्चमधून मिस्साहून आले की लगेच. मगळे म्हंजे मुली, ती मला असंच म्हणते, आणि पुट्टी म्हंजे छोटी, माझी पोरगी. मी "हो आंटी" म्हणाले. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. देवघरात आमचा पितळेचा बाळकृष्ण न्हाऊन, पुसून, टोपी घालून बसला होता, आणि माझ्या हातात आंटीचा बाळ येशू, चेहरा नसलेला. त्याचा त्या दिवशी वाढदिवस. म्हंजे दुसऱ्या दिवशी, पण त्यांच्यात आदल्या संध्याकाळपासूनच धरतात.

आंटी आमची घरमालकीण. ह्या कन्नड मुलखातल्या गावात, नजरबाद भागात तिचं जुनं कौलारू घर आहे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. मी, नवरा आणि पोरगी. नवरा देवराज नावाच्या मोहल्ल्यात शिंप्याच्या दुकानात कटर आहे, मी घरी साड्यांना फॉल लावते. आंटी मंगळूरकडची, ख्रिश्चन, आधी नर्स होती. अंकल जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुलं परदेशात. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, त्यानंतरच माझं शिक्षण सुटलं. बाळंतपणाला माझ्याजवळ कोण होतं तर आंटी होती. पोरीला पहिली अंघोळ आंटीनं घातली, मी नुसती भिंतीला टेकून रडत होते, मला ते मूल हातात धरायची भीती वाटत होती, सटकलं तर काय म्हणून. आंटी म्हणाली होती, बाळं मजबूत असतात, घाबरलेली आईच आधी पडते. ती माझ्याशी कन्नडातच बोलते, इथं मी आपल्या भाषेत लिहितेय.

नाताळाच्या आधी ती पुढच्या व्हरांड्यात गोदली मांडते. गोदली म्हंजे येशू जन्मला तो गोठा. आपण दसऱ्याला बाहुल्या मांडतो तसंच, पायऱ्या नसतात एवढंच. गवताचं छप्पर, मेंढ्या, गाय, गाढव, गुडघ्यावर बसलेली मेरी, काठी घेतलेला जोसेफ. आणि आपण घटाला धान्य पेरतो ना, तशी ती डब्याच्या झाकणांत नाचणी पेरते, ती हिरवी वर आली की गोठ्याच्या पुढं ठेवते, म्हंजे शेत. हे बघून मला पहिल्या वर्षी इतकं बरं वाटलं होतं. मधे मात्र गव्हाणी रिकामी. नुसतं गवत. मी तिला विचारलं होतं, आंटी, सगळे आले, बाळच नाही? ती म्हणाली, अजून जन्मला कुठं, चोवीसच्या संध्याकाळपर्यंत थांबायचं. आणि ठेवायचं कुणी, तर घरातल्या सगळ्यात लहान मुलानं. तिच्या माहेरची रीत. तिच्या मुलांनी ठेवलं, मग मुलं गेली, मग कितीतरी वर्षं तीच ठेवायची. म्हणाली, लहान मुलाचं काम म्हातारी करते, मेंढ्यासुद्धा हसत असतील.

ह्या वर्षी म्हणाली, पुट्टी ठेवेल.

मला काय सांगू कसं झालं. आम्ही तिच्या जातीचे नाही, धर्माचे नाही, भाडेकरू. आणि ती माझ्या पोरीला घरातलं सगळ्यात लहान मूल म्हणाली.

मग एक दिवस बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत कापूस, कापसात बाळ. एका वितीपेक्षाही लहान, दोन्ही हात उघडलेले, उचलून घे म्हणतंय असं. आंटीच्या पहिल्या नाताळाला तिच्या बाबांनी आणलेलं. म्हंजे आंटीच्या वयाचंच. म्हणाली, तुमच्याकडं राहू दे तोवर, पुट्टीची ओळख होऊ दे, नाहीतर त्या वेळी बुजेल आणि टाकेल. आणि डावा हात दाखवला. करंगळी नव्हती. धाकट्यानं पाडलं होतं लहानपणी, अंकल ओरडले, तो पलंगाखाली लपला, जेवायलाही येईना. तेव्हापासून आम्ही त्याच हाताची पापी घेतो, आंटी म्हणाली, दुखतंय ना त्याला, म्हणून. आणि तिथंच माझ्यासमोर त्या तुटक्या करंगळीची पापी घेतली.

आता तुम्ही सांगा, देव घरात आला तर डब्यात कसा ठेवायचा? बिस्किटाच्या? मी त्याला देवघरात ठेवलं. बाळकृष्णाच्या शेजारी, कापसावर. दोघंही बाळं, शोभायचे. रोज दोघांना फूल वाहायचे. नैवेद्य दाखवताना मनात यायचं ह्याला आवडतं का आपलं, मग म्हणायचे, लहान मुलाला गोड आवडतंच. अंघोळ मात्र बाळकृष्णालाच घालायचे, कारण ह्याला घालायची का नाही मला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. आणि चोवीस तारखेला सकाळी मनात आलं की आज हा त्याच्या घरी जाणार, वाढदिवस त्याचा, आणि मी माझ्या पोरीला वाढदिवसाला तेल लावून न्हाऊ घालते, ह्याला तसाच धुळीचा पाठवू? आधी तेलाचं बोट लावलं. मग कोमट पाणी. मूर्ती म्हंजे पितळ नाहीतर दगड, एवढंच मला माहीत. गणपतीची मातीची असते हे माहीत होतं, पण गणपतीला आपण बुडवायलाच नेतो. हे प्लॅस्टर आहे, वरचा रंग पाण्याचा आहे, हे हातात वितळेपर्यंत डोक्यात आलं नाही.

मी आधी सासूला फोन केला. ती कृष्णराजनगरला मोठ्या दिरांकडं असते. सगळं सांगितलं, रडत रडत. ती म्हणाली, एवढं काय त्यात, देवळातल्या मूर्ती बघितल्यास का, किती वर्षांचा अभिषेक, नाक राहत नाही डोळे राहत नाहीत, म्हणून देव उठून जातो का? मी म्हटलं, आई, ते देवळाला चालतं, आंटीला काय सांगू? सासू म्हणाली, हे मला विचारू नकोस. पण तूप घालून वात लाव.

वात लावली. मग पोरीला कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं निघाले, आंटी दिसू नये म्हणून. चप्पलही घरातली स्लिपरच होती हे अर्ध्या रस्त्यात कळलं.

नवऱ्याच्या दुकानात नाताळाची घाई, ज्यांचे सूट त्या दिवशी द्यायचे होते ती माणसं दारात उभी. तो पट्टी आणि खडू घेऊन टेबलावर वाकलेला. मला बघून घाबरला, पोरीला काही झालं की काय म्हणून. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं आधी नीट ऐकलं, मग तोंड फिरवलं, खांदे हलायला लागले.

"हसताय तुम्ही?"

"नाही गं. पण अंघोळ घातलीस? येशूला? तेल लावून?"

मला इतका राग आला की मी त्याच्या हातातला खडू घेऊन टेबलावर आपटला. मग त्याचं हसणं थांबलं. म्हणाला, जा आणि सांग, आंटी काय तुला खाणार आहे का. मी म्हटलं, तुम्ही सांगा. तो म्हणाला, मी? मी काय सांगणार, मला तर मूर्तीला पाणी लागलं की काय होतं तेही माहीत नाही. तेवढ्यात मालकानं हाक मारली आणि तो गेला. जाता जाता म्हणाला, चर्चच्या रस्त्याला गोदलीच्या बाहुल्या विकतात. त्याला वाटलं मदत केली.

मीही तेव्हा तसंच समजले. पोरीला घेऊन तिकडं गेले, फूटपाथवर ओळीनं मांडलेलं सगळं, चांदण्या, घंटा, मेंढ्या. बाळ सुटं देत नाही, विकणारा म्हणाला, पूर्ण संच घ्या. मी त्याला काय काय सांगितलं, पोरगी पडली म्हणाले, तिनं मोडलं म्हणाले, कडेवरच्या पोरीवर ढकललं मी. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. शेवटी त्यानं एका फुटक्या संचातलं काढून दिलं. साचा तोच असावा, हात तसेच उघडलेले, उंची तेवढीच. फक्त गाल जास्त गुलाबी, डोळे निळे. आंटीच्या बाळाचे काळे होते.

घरी आले तर करंगळी आठवली. नव्याला सगळी बोटं होती.

हे लिहायला हात चालत नाही, पण लिहिते. नवऱ्याची दोरा कापायची छोटी कातर घेतली. जुनं बाळ डब्यात होतं, कापसात, झाकण लावून, आणि मला ते झाकण उघडवेना. ते तोंड परत बघवणार नव्हतं. आंटी डावा हात म्हणाली होती ते पक्कं आठवत होतं, म्हणून मी नव्या बाळाला समोर धरलं, माझ्या डाव्या बाजूचा हात पकडला आणि करंगळीवर कातर लावली. कट्ट आवाज झाला. खडू मोडल्यासारखा.

"आई, पापूला बाऊ?"

ती दारात उभी होती. मी तिच्यापुढं बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, आंटीअज्जीला सांगायचं नाही हं. पापू आधीपासून असाच होता. आणि माझ्या ओठावर बोट ठेवून दाखवलं. तिनंही ठेवलं. तिला तो खेळ आवडला.

कातर जागेवर ठेवताना कळलं नाही. नंतर शिवणमशीनवर ठेवलेल्या आरशाच्या तुकड्यात तिचे केस विंचरताना कळलं. समोरच्याचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला येतो. मी उजव्या हाताची करंगळी तोडली होती. आणि तेवढ्यात फाटक वाजलं, आंटी मिस्साहून आली.

तिनं निळी साडी नेसली होती, केसांत मोगरा माळला होता. व्हरांड्यात मेणबत्त्या लावलेल्या. नवरा अजून दुकानातच होता. आम्ही तिघीच. मी बाळाला नव्या कापडात गुंडाळून नेलं. ते कापड मी आधीच शिवून ठेवलं होतं, दुकानातून उरलेल्या रेशमाचं, कडेला बारीक जर. ती माझी भेट होती, वाढदिवसाची.

त्याच्यावरून आठवलं. आठ-पंधरा दिवसांपूर्वी आम्ही दोघी मागच्या पायरीवर अवरेच्या, म्हंजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा मी आंटीला विचारलं होतं की वाढदिवस त्याचा आणि भेटी तुम्ही एकमेकांना देता, हे उलटं नाही का? ती हसली. म्हणाली, भेट तोच आहे की. देवानं मूल दिलं माणसांच्या हातात, आणि कुणाच्या, राजाच्या नाही, जाणत्या बाईच्या नाही, एका कोवळ्या पोरीच्या, जिच्याजवळ त्याला ठेवायला पाळणासुद्धा नव्हता. तिला जमेल का असं विचारलंही नाही. ती घाबरली होती, देवदूतानं येऊन आधी तिची भीतीच काढली. आपल्याला एवढं मिळालं म्हणून आपण थोडं थोडं पुढं देतो, कुणाला केक, कुणाला स्वेटर. मी म्हटलं, पण तिच्या हातून पडलं असतं तर? आंटी शेंग सोलता सोलता म्हणाली, देणाऱ्याला ते माहीत नव्हतं असं वाटतं का तुला?

आणि मग, जशी ती नेहमी करते, आपल्या सगळ्या बहीणभावंडांची नावं मोठ्यापासून लहानापर्यंत म्हणून दाखवली. मग उलटी. ही तिची सवय आहे. तिची आई शेवटी सगळं विसरली होती, पोटच्या मुलीला सिस्टर म्हणायची, वॉर्डातून घरी कधी सोडणार विचारायची. आंटीला कशाचीच भीती नाही, ह्या एकाची आहे. डबा कुठं ठेवला आठवलं नाही की तिचा चेहरा पांढरा पडतो.

तर व्हरांड्यात. तिनं कापड उघडलं. म्हणाली, किती चकचकीत दिसतोय गं.

"मी पुसला, आंटी. धूळ होती," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. तोंडानं. मेणबत्तीच्या उजेडात डोळ्यांचा रंग तिला दिसला नसेल, चष्मा गळ्यात लोंबत होता. तिनं प्रार्थना म्हटली, हळू, कोकणीत, आणि मग पापी घ्यायला वाकली. डाव्या हाताची. ओठ टेकले आणि ती थांबली. परत अंगठ्यानं चाचपलं. एक, दोन, सगळी बोटं. मग दुसरा हात बघितला. तिथं नव्हती.

ती बाळाचे दोन्ही हात इतका वेळ चाचपत राहिली की मला वाटलं आता कळलं, आता बरं झालं, आता ती मला विचारेल आणि मी सांगेन. मी तयार होते. खरंच तयार होते. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. हातातल्या बाळाकडं बघत राहिली.

"मला डावा वाटत होता," ती म्हणाली. "इतकी वर्षं डावा."

पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं.

"परवागिल्ल," आंटी म्हणाली, स्वतःलाच. काही हरकत नाही. मग पोरीला जवळ घेतलं, तिच्या दोन्ही हातांत बाळ दिलं, आणि पोरीनं ते इतकं नीट ठेवलं गवतात, इतकं हळू, की मी ठेवलं नसतं. आंटीनं माझं रेशमी कापड त्याच्या अंगावर घातलं. मग आत जाऊन पोरीसाठी विणलेला लाल स्वेटर आणला, ताट आणलं, कलकल म्हंजे तळलेले गोड शंख, केक, त्यांची नेवरी म्हंजे आपली करंजीच. आणि खुर्चीत बसून म्हणाली, मगळे, तुला काय देऊ ह्याचा मी फार विचार केला. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की गोदली काढतात. तेव्हा हे बाळ तुम्ही घेऊन जा. कायमचं. दरवर्षी माझ्याकडं ठेवायला आणा, मी आहे तोपर्यंत. माझी मुलं येणार नाहीत आता, आणि आली तरी त्यांच्याकडं ह्याला कोण बघणार. तू देवघरात ठेवलंस ना? मी खिडकीतून बघितलं होतं. फूल घातलेलं बघितलं.

मी तिच्या पायाशी बसले आणि रडायला लागले. तिला वाटलं आनंदानं. डोक्यावरून हात फिरवत राहिली.

त्या वेळी का नाही सांगितलं? सांगते. त्या वेळी मला वाटलं, आत्ता सांगितलं तर ती जी भेट देतेय तीच मी धुऊन टाकली असं होईल. तिची संध्याकाळ मोडेल. उद्या सांगू. उद्या नाताळ, सणाच्या दिवशी कसं सांगायचं, परवा सांगू. भित्र्या माणसाला कारणं फार सुचतात.

नाताळाच्या दुपारी तिनं धाकट्याला फोन लावला. भिंत एकच, मला सगळं ऐकू येतं. सणाचं बोलणं झालं, मग तिनं विचारलं, तू बाळ पाडलं होतंस तेव्हा कुठला हात मोडला? तो काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, नीट आठव. मग बराच वेळ तोच बोलत होता. फोन ठेवून ती माझ्याकडं आली, पायरीवर बसली. त्याला आठवत नाही म्हणाला. म्हणाला मम्मी, ह्यात काय एवढं, वय झालं की असं होतं. वय झालं की, आंटी परत म्हणाली. आणि बहीणभावंडांची नावं म्हणायला लागली, आणि एक नाव आलंच नाही. मी जागची हलले नाही. मला ते नाव माहीत होतं, इतक्या वेळा ऐकलंय. मी सांगितलं. तर ती आणखीच घाबरली, की बघ, तुला आठवतं आणि मला नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो आता हसत नाही. म्हणाला, तू सांग नाहीतर मी सांगतो. मी म्हटलं, मी सांगते. मग दोन दिवस तो माझ्याकडं बघायचा, मी मान हलवायचे की नाही अजून, आणि तो ताटात बघत जेवायचा.

पोरीचं तर आणखीच. आता कशालाही ओठावर बोट ठेवते. साखर सांडली, बोट ठेवते. पाणी सांडलं, आंटीअज्जीची चमची घरी आणली, बोट ठेवते. आणि हसते. मी शिकवलंय, दुसऱ्या कुणी नाही.

जुनं बाळ डब्यात तसंच आहे. एकदा धीर करून उघडलं. वाळलंय. सगळं पांढरं. पण हात उघडलेले आहेत आणि डाव्या हाताला करंगळी नाही, ते जुनं तुटलेलं आहे, कडा गुळगुळीत झालीय, इतक्या वर्षांच्या पाप्यांनी. त्याला चेहरा नाही हे आंटी कदाचित सोसेल. मला असं वाटतं. पण मी गप्प राहिले आणि तिला स्वतःच्या डोक्याची भीती घातली, हे कसं सोसेल, मला माहीत नाही. आणि मग ती मला मगळे म्हणेल का? तिच्याशिवाय ह्या गावात मला आई म्हणावं असं कोण आहे?

काल संध्याकाळी ती आली. म्हणाली, डॉक्टरची वेळ घेतलीय, डोक्याच्या. उद्या सकाळी माझ्याबरोबर ये, तिथं ते काय काय विचारतात, तारीख, वार, वस्तूंची नावं, आणि मला एकटीला भीती वाटते. तिनं मला कधी असं म्हटलं नव्हतं. मला भीती वाटते. ती नर्स होती, किती माणसं तिच्या हातावर गेली, आणि ती माझा हात धरून म्हणतेय, की मला भीती वाटते, तू ये.

मी हो म्हटलं.

ते "उद्या" म्हंजे आज. पोरगी लवकर उठली, तिला स्वेटर घातला. डबा मी पिशवीत ठेवला, मग काढला, मग परत ठेवला, पाण्याच्या बाटलीखाली, मग वाटलं ओझ्यानं आतलं मोडेल, म्हणून वर ठेवला. पुढच्या घरात आंटी तयार होतेय, मला ऐकू येतंय, ती नावं म्हणतेय, मोठ्यापासून लहानापर्यंत. व्हरांड्यातून जावं लागेल. तिथं गवतात ते बाळ आहे, निळ्या डोळ्यांचं, माझं रेशीम पांघरून. आंटी जाताना त्याच्यापुढं थांबते रोज, हल्ली चाचपत नाही, नुसती बघते.

तिथं थांबली की सांगायचं, असं ठरवलंय. डबा उघडून तिच्या हातात द्यायचा. का डॉक्टरचं होऊ द्यायचं आधी, ते म्हणतील तुमचं डोकं ठीक आहे, आणि तिला तेवढ्यानंच बरं वाटलं तर? आणि ते तसं म्हणाले नाहीत तर?

आता तिनं हाक मारली. पोरगी दारात उभी राहून माझ्याकडं बघतेय, पिशवीकडं बघतेय, आणि बोट ओठाकडं नेतेय. तुमच्याही घरात असं लहान मूल असेल, तुमच्याही हातात कुणी विश्वासानं काहीतरी दिलं असेल. मला खरंच विचारायचंय. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्ही काय केलं असतं?